संपर्क नसल्याचं हमीपत्र

आमच्या घरात तीन बांधकाम कंपन्या राहतात आणि बाथरूम एकच आहे. पहिली कंपनी सासऱ्यांची, दुसरी नवऱ्याची, तिसरी माझी. सासूबाईंची कंपनी नाही, आणि हे त्या आम्हाला दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

तीन कंपन्या आम्ही काही हौसेनं काढल्या नाहीत. इथल्या बांधकाम खात्याचा नियमच आहे, की कुठल्याही कामाला किमान तीन टेंडरं यायला हवीत, नाहीतर स्पर्धाच झाली नाही असं धरून सगळं रद्द. आणि गटार, कुंपणाची भिंत, शाळेची संडासं असली किरकोळ कामं करायला आमच्या सासऱ्यांखेरीज या भागात कोणी तयार नसायचं. एकट्या सासऱ्यांचं टेंडर दर वेळी रद्द व्हायचं, परत निघायचं, परत रद्द व्हायचं, आणि गटार आपलं तसंच वाहत राहायचं. शेवटी खात्यातला कारकूनच कंटाळला. त्यानं सासऱ्यांना बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्या घरात माणसं आहेत ना? मग मुलाच्या नावानं एक कंपनी निघाली, आणि मी लग्न होऊन आले तशी माझ्या नावानं आणखी एक. बाकीच्यांना लग्नात काय काय मिळतं, मला रबरी शिक्का मिळाला.

कामाची पद्धत अशी, की जेवणाच्या टेबलावर तिन्ही टेंडरं मीच भरायची. नवरा आणि मी डिप्लोमाला एकाच वर्गात होतो, म्हणून तर मी त्याला अरे-तुरे करते आणि सासूबाईंना ते अजून खुपतं. पण हिशोब म्हटला की त्याला घाम फुटतो. साइटवर तो वाघ, कागदासमोर शेळी. तेव्हा आकडे मी मांडायचे, आणि या वेळी नंबर कोणाचा ते सासरे सांगायचे. ज्याचा नंबर त्याचा दर खरा, उरलेल्या दोघांचे त्याच्या थोडे वर, ठरवून हरायला. एकदा सासऱ्यांचा नंबर लागायचा, एकदा नवऱ्याचा.

माझा कधीच लागला नाही. पुढच्या वेळी नक्की, सूनबाई, असं सासरे म्हणायचे आणि पुढच्या वेळी काहीतरी माशी शिंकायचीच. कधी काम फार मोठं असायचं, कधी फार अवघड, आणि एकदा तर फारच सोपं होतं, म्हणजे मला शोभणारं नव्हतं म्हणे. माझ्या कंपनीला लेटरहेड होतं, शिक्का होता, बँकेत खातं होतं, आणि आजवर तिनं एक वीट लावलेली नव्हती. हरण्यात मात्र आमचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आणि मग टेकडीवरच्या वस्तीकडे जाणाऱ्या जिन्याचं टेंडर निघालं.

त्या वस्तीत मी लहानाची मोठी झाले. जिना कसला, शिक्षा आहे ती. एक पायरी वीतभर, तर दुसरीला गुडघा छातीला लावावा लागतो. माझ्या आईचा पाय त्याच जिन्यावर मोडला, आणि त्यानंतर ती बाजाराला खाली उतरली नाही ती नाहीच. आजही ती खिडकीतून खाली बघत बसते. तो जिना आपण बांधावा, सगळ्या पायऱ्या सारख्या कराव्यात, कठडा हाताला येईल असा लावावा, हे माझ्या डोक्यात शाळेपासून होतं. त्यात या कामाला अनुभवाची अट नव्हती. इतर प्रत्येक कामाला आधी केलेल्या कामाचा दाखला लागतो, आणि आधी काम मिळत नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून काम नाही, असं माझं चाललेलं. इथे ती अट कारकुनाकडून टाइप करताना राहून गेली होती. पुन्हा राहील याचा काय भरवसा?

मी सासऱ्यांना सांगितलं, की बाबा, या वेळी नंबर माझा. ते म्हणाले, बघू. आमच्या घरात बघूचा अर्थ नाही असा होतो.

पण नंबर ठरायच्या आतच खात्यानं एक नवा कागद काढला. स्पर्धा निकोप व्हावी म्हणून प्रत्येकानं टेंडरसोबत हमीपत्र द्यायचं, की आपला इतर स्पर्धकांशी टेंडर उघडेपर्यंत कसलाही संपर्क नाही. नवरा हसला, म्हणाला त्यात काय, एक सही जास्त. सासरे हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला, पुसून परत लावून पुन्हा वाचला, आणि म्हणाले की आजपासून आपण एकमेकांशी बोलायचं नाही.

नवऱ्यानं आठवण करून दिली, की इतकी वर्षं आपण याच टेबलावर संगनमत करतोय. सासऱ्यांना ते मान्य होतं. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही ते सांगितलं नाही, त्यात खोटं कुठे आलं? आता सहीनिशी विचारलंय. सही केलेला त्यांचा एकही कागद आजवर खोटा निघालेला नव्हता, आणि एका जिन्यासाठी ते ती इभ्रत घालवणार नव्हते. आम्ही तिघांनी सह्या केल्या, आणि सही वाळायच्या आत सासरे ताट उचलून टेबलाच्या लांबच्या टोकाला जाऊन बसले.

खरं सांगायचं तर मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बोलायचंच नाही म्हटल्यावर नंबर कोण ठरवणार? पहिल्यांदा या घरात खरी स्पर्धा होणार होती, आणि तीत मी होते.

आता आमच्यात बोलता येणारं माणूस एकच उरलं, सासूबाई. त्यांनी कशावर सही केलेली नव्हती. पहिले काही दिवस त्या हवेत होत्या. मीठ पुढे करायचं झालं तरी निरोप त्यांच्यामार्फत. नवरा म्हणायचा, आई, तिला सांग मला टॉवेल दे, आणि मी हातभर अंतरावर टॉवेल धरून उभी असायची. सासूबाई मान वळवून मला सांगायच्या, तो टॉवेल मागतोय, आणि वर आपल्या पदरचं एखादं वाक्य जोडायच्या, की तूही जरा नीट घडी घालत जा. आयुष्यात पहिल्यांदा घरातलं प्रत्येक माणूस त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेत होतं.

मग ओट्याखालचा नळ गळायला लागला. साधी गोष्ट, पण सासऱ्यांनी निरोप धाडला, की नळ हे बांधकामाचं काम आहे आणि त्यावर तीन कंत्राटदारांनी मत देणं म्हणजे संपर्क. सासूबाईंनी बादली लावली. बादली भरून वाहिल्यावर त्यांनी आम्हा तिघांना फर्मावलं, की बंद पाकिटात दर द्या. आम्ही दिले. त्यांनी पाकिटं उघडली, तिघांनाही वेड्यात काढलं आणि बाहेरचा प्लंबर बोलावला. तो बिचारा ओट्याखाली आडवा पडला होता आणि एका घरातले तीन कंत्राटदार हाताची घडी घालून तीन कोपऱ्यांत उभे होते. जाताना त्यानं सासूबाईंना हळूच विचारलं, की घरात काही झालंय का.

टेंडरआधीच्या बैठकीला आम्ही तिघं एकाच गाडीतून गेलो, कारण हमीपत्रात प्रवासाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. बैठकीत सासऱ्यांनी कारकुनाला सांगितलं, की इतर स्पर्धकांशी त्यांची ओळख नाही. कारकून आमच्या लग्नाला जेवून गेलेला माणूस. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावून नोंद केली.

बाकी सगळं कसंही निभावलं असतं, पण खात्याचं घोडं कुठे ना कुठे पेंड खायचंच. कधी पायऱ्यांची संख्या लिहायची राहिली म्हणून मुदतवाढ. कधी नकाशा उलटा छापला म्हणून, कारण त्याप्रमाणे जिना वस्तीपासून सुरू होऊन जमिनीत जात होता. कधी साहेब रजेवर. दर मुदतवाढीला आमच्या घरातली शांतता तेवढीच पुढे सरकायची. नवरा झोपेत बरळतो. त्यानं चुकून सळईचा भाव बरळला असता तर माझं हमीपत्र खोटं ठरलं असतं, म्हणून मी कानात कापूस घालून झोपायला लागले.

तो दुपारी चहाचा कप माझ्या कागदांशेजारी आणून ठेवायचा, थोडा वेळ उभा राहायचा, घसा खाकरायचा, आणि जायचा. मला वाटलं, दर बघायला येतो लबाड. पण त्याच्याशी बोलल्याशिवाय दिवस जात नव्हता हेही खरं. खडीवाल्यानं मला फोनवर ताई म्हणता म्हणता एकदम साहेब म्हटलं, ही गंमत मी कोणाला सांगणार होते? सासूबाईंना सांगितली तर त्या म्हणाल्या, मग त्यात काय झालं.

एक दिवस मी जिना मोजायला गेले तर सासरे आधीच तिथे. ते वरच्या पायरीवर, टेपचं टोक खालच्या पायरीवरून सारखं निसटत होतं. तिकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण या वयात ते चारदा खाली उतरून चारदा वर चढले तेव्हा माझ्याच्यानं बघवेना. मी टोक धरलं. त्यांनी आकडा लिहिला, आभाळाकडे बघत मान हलवली आणि टेप गुंडाळली. टेप धरणं संपर्कात मोडतं की नाही यावर आम्ही दोघांनीही नंतर बहुधा बराच विचार केला असणार.

मी माझं टेंडर जीव ओतून भरलं. सिमेंटच्या गोणीगोणीचा भाव काढला, मजूर कुठून आणायचे, माल टेकडीवर गाढवांवरून चढवायचा की माणसांकडून, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. नफा जेमतेम ठेवला. याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही, गेला तर तो बुडेल, अशी माझी खात्री झाली तेव्हा पाकीट बंद केलं आणि खात्याच्या पेटीत टाकलं.

एकदाची टेंडर उघडायची तारीख उजाडली. साहेब, कारकून आणि आम्ही तीन अनोळखी स्पर्धक. पेटीतून तीन पाकिटं निघाली. पद्धत अशी, की आधी कागदपत्रं तपासायची आणि दराचं आतलं पाकीट मागाहून उघडायचं. पहिलं टेंडर सासऱ्यांचं निघालं, सगळं चोख. दुसरं माझं, तेही चोख. कारकुनानं तिसरं उघडलं, नाव वाचलं, थांबला, आणि पुन्हा वाचलं. तेही माझंच होतं.

मी म्हणाले की हे मी भरलेलं नाही. कारकुनानं कागद उलटवले. शिक्का माझ्या कंपनीचा, आणि सही अधिकारपत्राप्रमाणे माझ्या नवऱ्याची. आमच्या तिन्ही कंपन्यांनी एकमेकांना सह्यांचे अधिकार देऊन ठेवले होते, कोणी आजारी पडलं तर अडायला नको म्हणून, आणि तिन्ही शिक्के घरात एकाच डब्यात असायचे. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

नियम साहेबांना तोंडपाठ होता. एका कंपनीची दोन टेंडरं आली तर दोन्ही बाद. मी भांडले, की एक खरं आहे आणि एक चुकून आलंय. साहेब म्हणाले, दोन्ही खरी आहेत, हीच तर अडचण आहे. शिवाय दोन्हींत हमीपत्र होतं, की यांचा कोणाशीही संपर्क नाही. कंपनीचा स्वतःशीसुद्धा संपर्क नाही, इतकं कडक पालन त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिलेलं नव्हतं, आणि तसा चांगला शेरा त्यांनी फाइलवर मारलाही. दोन्ही दरांची पाकिटं न उघडता माझ्या हातात परत दिली. मग उरलं एकट्या सासऱ्यांचं टेंडर. एकाला स्पर्धा म्हणत नाहीत, म्हणून तेही रद्द.

कारकून चहा पिऊन तीच नोटीस पुन्हा बोर्डावर लावणार होता. मजकूर सगळा तोच, तारीख फक्त नवी. ती लागली की हमीपत्र पुन्हा लागू, तोवर तुम्ही कोणी कोणाचे स्पर्धक नाही, असं सांगून साहेब जेवायला गेले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये एक बाक होतं, त्यावर आम्ही तिघं बसलो. आता बोलायला मोकळे होतो.

"मी तुझं भरलं," नवरा शेवटी म्हणाला.

"ते दिसलं. का?"

"मला वाटलं, तू सवयीनं हरायचाच दर भरशील. समोर बाबा असताना तू जिंकायला धजणार नाहीस. म्हणून मी माझं भरलंच नाही, तुझ्या नावानं भरलं. जिना तुला हवा होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं एका घरात राहून यानं मला एवढंच ओळखलं होतं? आणि त्याच वेळी मला दिसत होतं, की या माणसानं, ज्याला बेरजेनंही घाम फुटतो त्यानं, माझ्यासाठी एकट्यानं बसून पायरी पायरीचा हिशोब केला होता.

"मला विचारायचं तरी होतंस," मी म्हणाले.

"रोज चहा घेऊन यायचो तो विचारायलाच. पण सही केली होती ना."

मला त्याला बदडावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच न करता मी बाकावर बसून मोठ्यानं रडले. समोरून जाणाऱ्या दोन माणसांनी वाट वाकडी केली. जिना माझा होता, मी तो कष्टानं मिळवत आणला होता, आणि माझ्याच माणसानं प्रेमापोटी तो माझ्या हातून घालवला होता. त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं, याचा राग सगळ्यात जास्त येत होता.

सासऱ्यांनी मला रडू दिलं. मग आधी कॉरिडॉरच्या टोकाकडे पाहून घेतलं. कारकून अजून यायचा होता.

"सूनबाई, नोटीस लागायला अवकाश आहे," ते म्हणाले. "आत्ता बोललं तर खोटं होत नाही. तुझा दर सांग. मी त्याच्या वर भरतो, हाही वर भरेल. या वेळी नंबर तुझा."

लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. एक आकडा उच्चारायचा, की जिना माझा. आई त्यावरून बाजाराला उतरणार. नवरा मला कोपरानं ढोसत होता, सांग, सांग म्हणून. कॉरिडॉरच्या टोकाला कारकून दिसला, काखेत नोटीस, एका हातात खळीची वाटी आणि दुसऱ्यात ब्रश. तो बोर्डासमोर थांबून जुना कागद खरवडायला लागला.

"बाबा, तुम्ही भरलेला दर हरायचा होता की करायचा?"

"करायचा. जमेल तेवढा खाली आणला होता."

"मग तोच भरा. माझ्या वर नको."

"अगं, तू हरशील."

"हरेन. आजवर हरतच आलेय. पण खऱ्या स्पर्धेत एकदाही हरलेले नाही."

सासरे काहीतरी बोलायला गेले. कारकुनानं नोटीस बोर्डावर चिकटवली आणि तळहातानं वरून खाली दाबली. सासऱ्यांनी तोंड मिटलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि तोही गप्प झाला. मी माझ्या पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं.

मग सासरे उठले, बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, आणि खिशातून पेन काढून मांडीवरच्या कागदावर आकडे मांडायला लागले. या सगळ्या दिवसांत ते मुलापासून कागद झाकायचे. मी जवळून गेले तरी कधी झाकत नसत, तिसऱ्या नंबरच्या कंपनीपासून काय झाकायचं? आता त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि डावा हात कागदावर आडवा धरला.